बाई, कंडक्टर आणि दोनची गाडी

गोष्ट वाचून झाली की बाई पुस्तक मिटायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "हं, बोला. ह्या गोष्टीत उपाशी कोण राहिलं?"

तात्पर्य काय, बोध काय, असलं त्यांनी कधी विचारलं नाही. राजकन्या सापडली, राजानं गावजेवण घातलं, सगळे सुखात राहिले अशी गोष्ट असली तरी प्रश्न तोच. मुलं डोकं खाजवायची. मग एखादा ओरडायचा, "घोडा, बाई! एवढा पळाला, त्याला चारा कुनी टाकला न्हाई." बाई मान डोलवायच्या. "बरोबर बोललात. लिहिणाऱ्याचं लक्ष नव्हतं. आपलं असू द्या."

'बोललात' म्हणायच्या, कारण बाई पोरांना अहो-जाहो करायच्या. तिसरीतल्या पोराला म्हणायच्या, "अहो, आधी नाक पुसा, मग पाढे म्हणा." साहेब लोक आले की मात्र त्यांची जीभ साधी व्हायची. केंद्रप्रमुखांना त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बस रे बाबा जरा, दमलास." ते त्यांच्या वयाचे नव्हते, नात्याचेही नव्हते. तरी बसले.

जामखेड तालुक्यातली आमची दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. मुख्याध्यापकाचा पदभारही माझ्याकडेच होता. माझं घर नगरला, खोली जामखेडला, आणि मी मोटारसायकलवर ये-जा करायचो. बाई गावातच राहायच्या. मारुतीच्या पाराजवळ दोन पत्र्यांची खोली, बारा महिने हातात काळी छत्री, मनगटावर पुरुषी घड्याळ, नऊवार नाही की पंजाबी ड्रेस नाही, साध्या सुती पाचवारीखाली कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. मूळ गाव अकोले तालुक्याच्या डोंगरात. गावातल्या बाया पाठीमागं त्यांना 'बूटवाली' म्हणायच्या आणि पोर आजारी पडलं की आधी त्यांच्याच दारात यायच्या.

नाव लिहीत नाही. माझ्या लिहिण्यात आलेल्या माणसांचं काय होतं हे मी पाहिलं आहे.

त्यांच्या चौथीत एक मुलगी होती. तिला अक्षरओळख मी करून दिली होती, पहिलीत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ते फार बोचणार आहे.

मुलीचे आईबाप ऊसतोडीला जायचे, कोपरगावच्या बाजूला. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. ती दुसरीत असताना त्यांच्यासोबत फडावर गेली होती, तिथं दोघांचं भांडण झालं आणि आई तिथूनच एसटीत बसून माहेरी गेली. परत आली नाही. अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नसते. पुढच्या हंगामाच्या आत बापानं दुसरी बायको केली आणि नव्या जोडीनं फडावर गेला. मुलगी गावात राहिली, चुलत्याकडे. चुलता-चुलती माणसं चांगली. पण आईचं नाव त्या घरात निघत नव्हतं. मुलीला कुणी काही सांगितलंच नाही.

मग तिनं स्वतःच स्वतःला सांगितलं. आईला तिनं शेवटचं पाहिलं होतं ते गाडीत चढताना. उतरताना पाहिलं नव्हतं. म्हणजे आई अजून गाडीतच होती. आणि इतके दिवस गाडीत राहायचं म्हणजे कंडक्टरशिवाय दुसरं कोण राहील?

"माजी आई एस्टीत कंडक्टर हाय," ती सांगायची.

"मग येत का न्हाई गं?" पोरं विचारायची.

"कशी यील? गाडी भरलेली असती. ती उतरली तर मानसं बोंबलतील न्हाई का?"

शाळेपासून दीड किलोमीटरवर फाटा आहे. तिथून दुपारी दोनची गाडी जाते. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर तिचा हॉर्न शाळेत ऐकू येतो. हॉर्न आला की ही पोरगी हातातलं काम टाकून एकदा खिडकीकडं बघायची आणि परत लिहायला लागायची. वहीच्या पाठच्या पानांची तिनं तिकिटं केली होती. बारीक कापून, सुईनं भोकं पाडून, दोऱ्यात ओवलेली. सकाळी वर्गाच्या दारात उभी राहून ती तिकीट द्यायची. भाडं एक चिंचोका.

मी असतो तर दोन दिवसांत बंद केलं असतं. बाईंनी पहिल्याच दिवशी छत्री मिटली, कमरेच्या पिशवीतून चिंचोका काढला आणि म्हणाल्या, "एक द्या हो कंडक्टर. चौथीपर्यंत."

तेव्हापासून बाई तिकिटाशिवाय वर्गात गेल्या नाहीत. एकदा तपासणीला साहेब आले. दारात पोरगी आडवी.

"कुठलं देऊ?"

"काय कुठलं?" साहेब म्हणाले.

"तिसरीला उतरनार का चौथीला?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी घामाघूम. बाई आतून ओरडल्या, "अरे, तिकीट काढ की! फुकट येतोस काय सरकारी म्हणून?" आणि साहेबांच्या हातात चिंचोका ठेवला. साहेबांनी तिकीट घेतलं, वरच्या खिशात ठेवलं आणि शेरा चांगला लिहून गेले.

मी एकदा बाईंना म्हणालो, "तुम्ही तिला खोट्याची सवय लावताय."

"मी कुठं काय सांगितलं तिला?" बाई म्हणाल्या. "गाडी तिची, आई तिची. मी आपली प्रवासी. चालवणाऱ्याला प्रवाशानं रस्ता दाखवू नये."

मी मुलांसाठी गोष्टी लिहायचो. अजून लिहितो. दिवाळी अंकांत छापून यायच्या, शिक्षक मित्र फोन करायचे, बायको कात्रणं ठेवायची. त्या वर्षी माझ्याकडं गोष्ट नव्हती आणि समोर रोज दारात तिकीट फाडत उभी होती. मी ती घेतली. लपवाछपवी म्हणून मुलीचं नाव बदललं, गावाचं नाव गाळलं. फाटा ठेवला. चिंचोके ठेवले. दोनची गाडी ठेवली. ते तपशील फार जिवंत होते, सोडवेनात. आणि शेवट केला: दिवाळी पाडव्याच्या दिवशी मुलगी फाट्यावर जाऊन उभी राहते, दोनची गाडी थांबते, कंडक्टर आई गाडी सोडायची दोनदा घंटा देते आणि स्वतः खाली उतरते.

लिहून झाल्यावर मधल्या सुट्टीत बाईंना वाचून दाखवली. शेवट मी मुद्दाम सावकाश वाचला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, डोळे पुसणार.

"सर, शेवट बदला."

"का? मुलांना आशा नको?"

"आशा द्या की. वेळापत्रक देऊ नका."

मला राग आला. म्हणालो, "बाई, ही गोष्ट आहे. मुलांना कळतं गोष्ट काय न् खरं काय."

"कळतं. पण पाटीवर तुम्ही लिहिलेलं ती खरं मानते. अंकात तुम्हीच लिहिलेलं असेल, तर तिनं कुठं रेघ ओढायची?" मग म्हणाल्या, "निदान छापून आल्यावर आधी मला दाखवा. पोरांच्या हातात देऊ नका."

मी हो म्हणालो.

अंक आला तो दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या होत्या. मी दहा प्रती मागवल्या होत्या. चौथीच्या मुलांना एकेक दिली, 'सुट्टीत वाचा' म्हणून. प्रत्येक अंकावर सही केली. तिच्या अंकावर तर सहीच्या वर लिहिलं, 'खूप खूप वाच.' बाई नाहीत हे मला माहीत होतं. बाई नाहीत म्हणूनच दिल्या, हे तेव्हा मी स्वतःला कळू दिलं नाही.

पाडव्याला मी नगरला होतो. ओवाळून झालं होतं, फराळाला पाहुणे बसले होते, त्यांतला एकजण माझ्या गोष्टीचं कौतुक करत होता. चार-साडेचारला बाईंचा फोन आला.

"सर, गाडी आली. कुणी उतरलं नाही."

मला लगेच कळलं. तरी मी विचारलं, "कुठली गाडी?"

घडलं ते असं. पोरगी बारापासून फाट्यावर उभी होती. शाळेचा गणवेश धुऊन घातलेला, दोन वेण्या, पिशवीत आईसाठी चार करंज्या आणि तिकिटांची माळ. सणाची गाडी, दारापर्यंत माणसं. सणासुदीला दोनची गाडी आमच्या फाट्यावर थांबतच नाही. हे गावातल्या कुणालाही माहीत आहे. मला नव्हतं. मी त्या गाडीत कधी बसलोच नव्हतो. गाडी थांबत नाही असं दिसल्यावर पोरगी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. अंतर किती राहिलं होतं, ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. चहाच्या टपरीवाल्यानं नंतर हाताची वीत करून दाखवली.

कंडक्टर खाली उतरला. पुरुष होता. "काय गं ए, मरायचंय का?" म्हणून त्यानं तिला बाजूला ओढलं. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "आज तुमची ड्युटी हाय व्हय? बाईची न्हवती?"

गाडी गेली. ती तिथंच दगडावर बसून राहिली. टपरीवाल्यानं बाईंना निरोप धाडला. बाई गेल्या आणि तिच्या शेजारी छत्री उघडून बसल्या. घरी चला म्हणाल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत दोघी बसल्या. करंज्या तिनं खाल्ल्या नाहीत, बाईंनीही नाही.

हे सगळं बाईंनी फोनवर सांगितलं, ओरडल्या नाहीत. मी म्हणालो, "लागलं नाही ना कुठं? मग ठीक आहे. सुट्टीनंतर बोलू." आणि पाहुण्यांत जाऊन बसलो. चकली खाल्लेली आठवते.

शाळा उघडली त्याच दिवशी तिचा चुलता आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर घोंगडी, शेरडं राखून थेट आलेला. ऑफिस म्हणजे कपाट लावून केलेला कोपरा. मी खुर्चीत, बाई खिडकीशी.

"कुन्या मास्तरनं भरवलं वं हे पोरीच्या डोक्यात?" तो म्हणाला. "गाडीखाली गेली असती मजी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हजेरीपटाकडं पाहिलं. हजेरी झाली होती. तरी मी बोट ठेवून एकेक नाव खाली सरकत होतो. पंधराव्या नावाला बाईंचा आवाज आला.

"मी वाचून दाखवली ती गोष्ट. माझी चूक झाली."

"बाई, तुमी?" तो चमकला, मग भडकला. "तुमास्नी लेकरूबाळ न्हाई, तुमाला काय कळनार! दुसऱ्याच्या लेकराचा खेळ मांडलाय का?"

बाई म्हणाल्या, "खरं आहे तुमचं."

तो गेला. मी हजेरीपट मिटला. बाईंना म्हणालो, "तुम्ही कशाला..." वाक्य पुरं केलं नाही, कारण पुरं केलं असतं तर उठून त्याच्या मागं जावं लागलं असतं. बाई म्हणाल्या, "तास सुरू होतोय, सर." त्या दिवशी शाळेची खिचडी त्यांनी घेतली नाही. एरवी त्या पोरांच्या पंगतीत बसून पहिला घास घ्यायच्या, मीठ बघायला म्हणून. मी माझी खाल्ली.

दोन-तीन दिवसांनी चुलता पुन्हा आला. मला वाटलं, आता तक्रार अर्ज. पण तो सरळ बाईंकडं गेला. काहीतरी हळू बोलला आणि म्हणाला, "लावा फोन तिच्या आईला. आमचं काय म्हननं न्हाई." बाईंनी बरीच खटपट करून मुलीच्या मामाचा नंबर मिळवला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू करून बाकावर ठेवला आणि पोरीला समोर बसवलं. मी व्हरांड्यात होतो. आत जायला पाय निघाला नाही, घरी जायलाही नाही.

पलीकडून बाईमाणसाचा आवाज, "जेवलीस का?"

"व्हय. खिचडी हुती." मग पोरीनं विचारलं, "तू गाडीत हायस का?"

"न्हाई गं बाई. मामाकडं हाय. घरात."

"मजी उतरलीस?"

आई रडायला लागली. म्हणाली, मला तिकडं येता यायचं नाही. का, ते सांगू शकली नाही. कधी, तेही सांगितलं नाही. पण दर शनिवारी फोन करीन म्हणाली. आणि करायची. बाईंच्या फोनवर, शाळा सुटल्यावर.

सोमवारी दारात पोरगी नव्हती. ती आत जाऊन बसली होती. बाई उंबऱ्यावर चिंचोका घेऊन थांबल्या. "कंडक्टर, तिकीट?"

"ड्युटी सपली, बाई."

बाईंनी चिंचोका पिशवीत टाकला आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी गोष्ट वाचली नाही. माझ्या गोष्टीला मात्र पुढच्या वर्षी बक्षीस मिळालं. शाल खांद्यावर घेऊन मी मुलांच्या भावविश्वावर बोललो. मागच्या रांगेत बाई होत्या, मांडीवर छत्री. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांच्याकडं बघायचं मी टाळलं.

पुढच्या बदल्यांत त्या अकोले तालुक्यात गेल्या, आपल्या डोंगराकडं. जाताना वाचनपेटीतली सगळी पुस्तकं जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालून ठेवली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी काही तरी उत्तर दिलं असतं आणि ते विषय संपवणारं असतं.

या गोष्टीला आता सात वर्षं होतील. यंदा एका प्रकाशकांनी माझ्या बालकथांचं पुस्तक करायचं ठरवलं. पुस्तकाला नाव त्या गोष्टीचंच हवं म्हणाले. मी बाईंना फोन केला. खूप दिवसांनी केला, म्हणून आधी पावसाचं, भाताच्या लावणीचं बोललो. मग विचारलं, "बाई, ती गोष्ट घेऊ का पुस्तकात?"

"मला काय विचारता? ज्यांच्या गाडीत बसलात, त्यांना विचारा."

मग मी गेलो. बदली होऊन मलाही त्या गावातून निघून चार वर्षं झाली होती. रविवार होता. मुलगी घरी नव्हती, ती आता अकरावीला, जामखेडला मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली होती. चुलता अंगणात शेरडाच्या खुराला औषध लावत होता. "या सर, बसा." चुलतीनं पाणी आणलं. मी तांब्या हातात धरूनच बोललो. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी सांडली. "त्या दिवशी तुम्ही शाळेत आला होता ना, ती गोष्ट बाईंची नव्हती. बाईंनी वाचूनही दाखवली नव्हती. माझी होती. मीच लिहिली, मीच पोरांना वाटली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो."

त्यानं शेरडू सोडलं. हात पुसले.

"ठाव हाय की आमाला."

"कुणी सांगितलं? बाईंनी?"

"बाई कशाला सांगतील? पोरीनंच दावलं. त्याच दिशी सांजच्याला. मी घरी यून बाईंस्नी शिव्या द्याय लागलो, तर तिनं त्ये पुस्तक आनलं. खाली तुमचंच नाव छापलं हुतं की, सर. वर तुमची सही. बोट ठिऊन वाचलं तिनं."

मला वाटत आलं होतं की त्या घरात वाचणारं कुणी नाही. आणि तिला अक्षरं मी शिकवली होती. बोट ठेवून वाचायलाही मीच शिकवलं होतं.

"मी उठलोच हुतो तुमच्याकडं याला," तो म्हणाला. "पोरगीच आडवी झाली. म्हनली, तात्या, सरांना काय बोलू नका. सर फटफटीवर येत्यात. त्यास्नी ठावंच नसंल गाडी थांबत न्हाई त्ये. मग बाईंची माफी मागून आलो. त्या बी म्हनल्या, सरांकडं विषय काढू नगा, त्यांचं त्ये बोलतील."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"म्हनलं, बोलतील." तो शांतपणे म्हणाला. "पोरगी चौथी पास हुईस्तोवर वाट बगितली. मग म्हनलं, जाऊ द्या. मोठा मानूस."

चुलतीनं आतून हाक दिली, "सर, भाकरी टाकलीया. जेवून जावा." मी जेवून आलोय म्हणालो. जेवलो नव्हतो. त्या घराशी आणखी एक खोटं बोललो. पुस्तकाचं विचारायला आलो होतो, ते विचारलंच नाही.

परत निघालो तेव्हा दोनला दहा कमी होते. फाट्यावर मोटारसायकल लावली आणि त्या दगडावर बसलो. टपरीवाल्यानं ओळखलं, चहा विचारला, मी नको म्हणालो. गाडी वेळेवर आली. रविवार असून बरीच रिकामी होती. मला बसलेलं बघून ड्रायव्हरनं वेग कमी केला. दारातून कंडक्टरनं मान बाहेर काढली.

"येताय का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं दोनदा घंटा दिली. गाडी गेली. कुणी उतरलं नाही.